नामपूरची गाडी

१२ नोव्हेंबर

सायलीने मोबाईल माझ्या तोंडापुढं ठेवला. ‘आजी, बोलत जा. तो आपोआप लिहितो. शपथ, मी नाही वाचणार.’ नात गेली बाहेर. मला वाचता येत नाही, ती वाचणार नाही — मग हा बाबा लिहितो कोणासाठी!

ज्ञानेश, माझा मुलगा, जाऊन चार महिने झाले. रडू येत नाही. झेंडू तोडते, माळा ओवते, चहा पिते. चहात साखर आहे का, ते सुनेला विचारावं लागतं.

१३ नोव्हेंबर

माळा ओवल्या. बाकी काही नाही.

१६ नोव्हेंबर

सायली कादंबरी लिहिते. जादूच्या राज्याची. रोज थोडी वाचून दाखवते. त्यात एक बोलकं तळं आहे. तळं सांगतं — ही राजकन्या बापाचा जीव घेणार. झालं! सगळं राज्य कामधंदा सोडून भाकितापासून पळत सुटलं. तरी राजा मेलाच. आता राजकन्या तळ्यात उडी घेणार म्हणे.

मी म्हटलं, ‘एवढी शिकवलीस तिला, पोहायला नाही शिकवलंस?’

हसली नाही. दोन घास खाऊन ताट सारलं.

हे तळं कुठलं, मला माहीत आहे. ज्ञानेशच्या दहाव्याला शेजारची कुसाबाई बोलली होती — ‘मूळ नक्षत्रावरची पोर. आली शेवटी बापाच्या मुळावर.’ सायली मागंच उभी होती. हातात पाण्याचा तांब्या.

१७ नोव्हेंबर

पत्रिका मांडली ती माझ्याच शब्दावर. दवाखाना गाठलाच नव्हता, पोर मळ्यात झाली. घड्याळ कोण बघतं! गुरुजींना सांगितलं — ती रडली तेव्हा सडकेवरून नामपूरची गाडी हॉर्न देत गेली. म्हणजे साडेआठ. मूळ नक्षत्र संपत होतं नऊला.

अर्ध्या तासासाठी! मुळाची शांतही केली होती. तरी.

१८ नोव्हेंबर

सायली आज जेवलीच नाही.

१९ नोव्हेंबर

‘सायले, त्या तळ्याला कोणी विचारलं का, तुला हे कोणी सांगितलं म्हणून?’

‘म्हणजे?’

‘तुझी वेळ मी सांगितली, नामपूरच्या गाडीवरून. त्या दिवशी गाडी वणीजवळ पंक्चर झालेली. आली दहाला. गुरुजींना सांगायचं राहूनच गेलं. मूळबीळ काही नाय तुला.’

‘आजी! बावीस वर्षं?’

‘अडाणी बाई मी. दे शिव्या.’

शिव्या नाही दिल्या. रडली. लय वेळ. मग भाकरी मागितली. सून सुवर्णा दारातून ऐकत होती. तिने तवा पुन्हा चुलीवर ठेवला.

मी बघत राहिले. मला काही रडू आलं नाही.

२४ नोव्हेंबर

शेवट वाचून दाखवला. राजकन्या काठाशी उभी. तेवढ्यात म्हातारी दाई येते, म्हणते, तळ्याला मीच चुकीची वेळ सांगितली होती. राजकन्या घरी जाते.

‘आजी, ही दाई खोटं तर बोलत नसेल?’

‘लिहिणारी तू. मला काय विचारते!’

हसली. बापासारखी हसते.

२५ नोव्हेंबर

चहा आजही सपक.

गाडी त्या दिवशी वेळेवर आली होती.