एफ-टूची ओळ

सोम. ४ फेब्रु. ९१
कॉम्प्युटर क्लासमधे मी शिकवतो त्या सगळ्यांच्या फ्लॉप्यांवर माझी स्टार्ट फाइल टाकली. प्रोग्रॅम लिहायला बेसिक उघडलं की स्क्रीन निळा, वरची एफची बटणं मी ठरवलेली. एफ-टू दाबलं की प्रोग्रॅम रन. सर म्हणाले, "कॉलेज सोडलंस, डोकं नाही सोडलंस." सुनंदाच्या फ्लॉपीवर एक ओळ जास्त. हॅलो सुनंदा, खाली बदाम.

गुरु. ७
सु. सगळ्यांदेखत: "ए, काढ ते! कोपर गावात कळलं तर बाबा क्लास बंद करतील माझा." मागून कुणीतरी, "मास्तरांचा बदाम सडला!" डोकं फिरलं. बदाम काढला. नि तिच्या एफ-टूला रनच्या जागी न्यू. दाबलं की टाइप केलेलं सगळं साफ. रडू दे एक दिवस.

शनि. ९
सु. आली नाही. सोमवारी तिची परीक्षा, ठाण्याला, आपापली फ्लॉपी न्यायची. कोपर ते केवढं, तिचं घर सहज सापडलं असतं. गेलो नाही. काय सांगणार होतो?

सोम. ११
सु. ठाण्याहून, खोपटच्या परीक्षा सेंटरवरून सरळ क्लासला आली. दीड तास टाइप केलेलं, एफ-टू दाबलं, गेलं. सेव्ह नव्हतं. आमची शिकवणच तशी, सर ओरडतात, "प्रोग्रॅम चालल्याशिवाय सेव्ह नाही, फ्लॉपी झिजते."
फ्लॉपी माझ्या हातात दिली. "माझाच हात चुकला असेल रे. बघशील?"
माझ्यावर विश्वास. शी.

बुध. १३
तिचे बाबा म्हणाले, झालं शिकून, सोमवारपासून आईबरोबर मासळीची पाटी घे. सरांनी सेंटरला फोन केला. ते म्हणाले, फ्लॉपीशी दुसऱ्या कुणी छेडछाड केली असेल, नि तसं लेखी दिलं, तरच परत परीक्षा.
सर: "कुणी हात लावला होता का रे?"
"बघतो," म्हणालो. मान वर झाली नाही.

शुक्र. १५
सु. आलेली. "सापडलं काही?"
"उद्या सांगतो."
"उद्या शनिवार. नंतर पाटीच."
वर हसलीही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं.
घरी कागद घेतला. 'मी' लिहिलं. खोडलं. परत लिहिलं. पुढे काही नाही.
फ्लॉपी क्लासच्या कपाटात, ती ओळ तशीच. चावी माझ्याकडे. साडेआठला पोचलो तर पुसायला अर्धा तास. नऊला पोचलो तर सर असतील.
गजर अजून लावलेला नाही.