एकच खुर्ची

मंगळवार, संध्याकाळ

मुलाखत आमदारकीच्या तिकिटासाठी होती आणि ती माझी होती. हे तर पिशोरहून संभाजीनगरला मला गाडीवर सोडायला आलेले. पक्षाच्या कार्यालयात समितीसमोर एकच खुर्ची. ह्यांना बघून अध्यक्ष म्हणाले, "या भाऊ, बसा." आणि हे बसले! मी मागं उभी.

वीस वर्षं सभेच्या सतरंज्या मी उचलल्या, गावोगावच्या बायका मी जोडल्या. प्रश्न मात्र खुर्चीला. "मतदारसंघात सोयरे कुठं कुठं? भाऊबंद संगं येतील का?" खताचं दुकान सोडून कधी सभेला न फिरकलेला माणूस फडाफडा बोलत होता. मला शेवटी एवढंच, "ताई, भाऊंची साथ लई मोलाची."

उठा, ही खुर्ची माझी हाये, एवढं म्हणायला काय झालं होतं मला? जीभ का नाय उचलली?

मघाशी जेवताना ह्यांना फोन आला. ठेवला आणि खाली बघत म्हणाले, "समिती म्हणती, तुम्हीच उभं ऱ्हावा. बायकोला विचारून सांगतो म्हणलं. सांग, काय कळवू?"

आज दिवसभरात मला विचारलेला हा पहिला प्रश्न.