मोडलेल्या पायाचे सहा आठवडे

प्रिय डॉक्टर मेहुणे यांस,

सप्रेम नमस्कार. तुम्ही आणि वहिनी खुशाल असाल, आणि तुमच्या दवाखान्यातली कुत्री, मांजरं, गाई, पोपट हेही आपापल्या परीने बरे असतील. माझ्या पायाची तब्येत सुधारते आहे. मनाची मात्र विचारू नका. मी मुळापासून हादरलो आहे आणि त्याचं कारण तुम्ही आहात. फोनवर सांगता आलं असतं, पण माझा फोन तुमच्या ताईने जप्त केला आहे आणि तिच्या फोनवर बोलायचं तर ती स्पीकर लावून शेजारी बसते. (भाजी निवडत बसते, पण कान इकडेच असतात.) म्हणून पत्र.

पाय कसा मोडला ते ताईने कळवलं असेलच, पण तिने ते हसत हसत कळवलं असणार, म्हणून खरी हकीकत सांगतो. नटबोल्टच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून माझी हयात गेली. पाट्या लिहिणं आणि लावणं हे माझं काम, आणि त्या न वाचणं हे बाकी सगळ्यांचं. त्या दिवशी ‘उंचावर चढताना शिडीच वापरा’ ही नवी पाटी लावायची होती. शिडी पॅकिंग खात्याने नेली होती, म्हणून मी स्टुलावर चढलो. पुढचं तुम्ही ओळखलंत. मी खाली आलो, पाठोपाठ पाटी आली आणि माझ्या छातीवर सुलटी पडली. धावत आलेल्या प्रत्येकाने आधी ती वाचली आणि मग मला उचललं. माझी पाटी इतक्या लोकांनी शेवटपर्यंत वाचण्याची ही पहिलीच वेळ.

घोट्याच्या वरचं हाड मोडलं होतं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि ‘ठीक आहे’ म्हणाले. (मला की फोटोला, ते कळलं नाही.) मी पुन्हा नीट चालेन का, असं विचारेपर्यंत ते पुढच्या खाटेवर पोचले होते. प्लास्टर घालणाऱ्या बाईंनी हातात एक कागद दिला. त्यावर काळे-पांढरे ठिपके असलेला चौकोन होता. तो फोनला दाखवा, सगळी माहिती आमच्या साइटवर आहे, म्हणाल्या. घरी येऊन दाखवला. तिथे लिहिलं होतं, ‘अस्थिभंगाचे स्थान व विस्थापनाची मात्रा यांनुसार फलनिष्पत्ती भिन्न संभवते. अधिक माहितीसाठी आपल्या डॉक्टरांना विचारा.’ म्हणजे डॉक्टर म्हणतात साइट बघा, साइट म्हणते डॉक्टरांना विचारा. कचेऱ्यांतली टोलवाटोलवी मी पुष्कळ पाहिली आहे, पण माझ्या स्वतःच्या हाडावरून चाललेली प्रथमच पाहिली.

मग मी इतर पानांकडे वळलो, आणि तिथेच माझा घात झाला. एका पानावर हाड आपोआप जुळायला निघालं होतं, तोवर मध्येच एक पावडर आली आणि त्यापुढे दुसरा डबा घेतल्याशिवाय ते जुळेना. एका गृहस्थाने आपला पाय मोडल्याची कथा लिहिली होती. पाय पहिल्या परिच्छेदात मोडला, आणि पुढचे सगळे परिच्छेद तो विमा कंपनीशी भांडत होता, पाय बरा झाला की नाही हे सांगायचं राहूनच गेलं. तिसऱ्या पानावर काय काय बिघडू शकतं याची यादी होती. सुरुवात साध्या सुजेने झाली. मी जसजसा खाली गेलो तसतसा रोगीही खालावत गेला, आणि शेवटच्या ओळीत तर तो उरलाच नव्हता. मला फक्त एवढंच हवं होतं की चालेन की नाही. ते कुणीच साध्या भाषेत लिहिलेलं नव्हतं. दिवसभर वाचून माझ्या तोंडचं पाणी पळालं. संध्याकाळी मी तुमच्या ताईला जवळ बोलावून कपाटाची किल्ली कुठे असते ते सांगितलं. ती म्हणाली, किल्ली मीच ठेवते, आणि फोन काढून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून मात्र घरात चमत्कार सुरू झाला. तुमच्या ताईचा आवाज तुम्ही जाणताच. तिने मला जेवायला बोलावलं की वरच्या मजल्यावरचे लोक हात धुतात. तीच बाई माझ्याशी हळू, लाडाच्या आवाजात बोलू लागली. सोफा आणि चपलांचं कपाट आडवं लावून तिने माझ्यासाठी उबदार कोपरा केला. फरशीवर रबरी चटया टाकल्या. वॉकर धरून मी न्हाणीघरापर्यंत जाऊन आलो की ‘शाब्बास’ म्हणायची आणि अर्धं बिस्किट द्यायची. वरच्या मजल्यावरचे काका गप्पा छाटायला आले, तर त्यांना दारातूनच परतवलं, म्हणाली, माणसं आली की यांना फार उत्साह येतो. मी प्लास्टरमध्ये विणायची सुई घालून खाजवत होतो तेव्हा ती ओरडली नाही. फक्त दिव्याच्या शेडकडे आणि माझ्या मानेकडे आळीपाळीने बघत राहिली. आणि मी जेवेपर्यंत शेजारी बसायची, मेहुणे. आमच्या लग्नात जेवायला बसलो होतो, त्यानंतर ती माझ्याशेजारी अशी निवांत बसल्याचं मला आठवत नाही. खोटं कशाला सांगू, मला भरून यायचं. पाय मोडला ते बरंच झालं, असंही एक-दोनदा वाटून गेलं.

परवा ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि फोन सोफ्यावर विसरली. पान उघडंच होतं. वर मथळा होता, ‘लाडक्याचा पाय मोडला? पुढचे सहा आठवडे असे सांभाळा.’ अक्षरं मोठी, वाक्यं लहान, सगळं एका वाचनात कळेल असं. मी मनात म्हटलं, लिहावं तर असं. कमी जागेत ठेवा. घसरणार नाही अशी चटई घाला. चार पावलं टाकली की शाबासकी द्या आणि खाऊ द्या. मी खूष होऊन वाचत होतो, एवढ्यात शेपटी आली. मी चष्मा पुसला. शेपटी होतीच. बोट फिरवून तडक तळाशी गेलो, तर तिथे तुमचा हसरा फोटो, शेजारी एक तपकिरी कुत्रा, प्लास्टर चाटू नये म्हणून गळ्यात दिव्याच्या शेडसारखं नरसाळं, आणि त्याच्या पायाला अगदी माझ्यासारखं प्लास्टर.

तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. माणसांसाठी लिहिलेलं एकही पान माणसाला कळत नाही आणि कुत्र्यांसाठी लिहिलेलं घरातल्या सगळ्यांना कळतं, याचा धक्का आहेच. पण खरं दुःख निराळं आहे. ज्याला मी माया समजलो ती तुमची सूचना निघाली. बिस्किट मी अजूनही घेतो, पण पूर्वीसारखं नाही.

वहिनींना नमस्कार. त्या तपकिरी रुग्णालाही माझी सहानुभूती कळवा.

तुमचा,
भाऊजी

ता. क. ‌: पत्र ताईच्याच हाती टपालात टाकायला देतो आहे, दुसरा इलाज नाही. पाकीट डिंकाने घट्ट चिकटवलं आहे.

ता. क. दुसरा : पत्र लिहिण्याचं मुख्य कारण राहिलं. येत्या आठवड्यात प्लास्टर निघतं, म्हणजे तुमचे सहा आठवडे संपतात. पान तुमचंच आहे. तिथे सहाच्या जागी बारा करता आले तर पाहा. तुम्हाला एक आकडा बदलायचा आहे, माझं इथे सगळं घरच त्याच्यावर चाललं आहे.

ता. क. तिसरा (हा माझा) : बाळा, पाकीट मी चहाच्या वाफेवर उघडलं. पान कुत्र्याचं आहे हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं. यांनी बघितली ती सगळी पानं मीही वाचली होती, इस्पितळाच्या बाकावर बसून. तुझ्या पानावर लिहिलं होतं, ‘घाबरू नका, बहुतेक पाय नीट जुळतात.’ तेवढं वाचून मला रडू आलं आणि मी तेच पान धरलं. यांनी नेहमीप्रमाणे वरचं वाचलं, खालचं बघितलं आणि मधलं सोडलं. सहा आठवडे प्लास्टरचे आहेत. शेजारी बसणं, हळू बोलणं आणि खाऊ हे पहिल्या आठवड्यापुरतंच, पुढे सवय लागते म्हणून बंद करा, असं तू ठळक अक्षरांत लिहिलं आहेस. तो आठवडा कधीच उलटला. तेव्हा तू आकडा बदलू नकोस. बदललास तर यांना वाटेल, मी शेजारी बसते ती अजून तुझं वाचूनच.

तुझी,
ताई