बारा माणसांची बस

४ जानेवारी

चि. भिंगरीस,
दादाचे अ. उ. आ., आणि वर एक टपली.

चढावर गिअर बदलताना बस आधी घसा खाकरायची, मग एक लांब हुंकार आणि वळणावर आली की भोंगा दोनदा. आठवतं? ती पहिल्यांदा गावात आली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. आवाज ऐकून तू छपरावर चढलीस, आणि बस गेल्यावर उतरायला घाबरून तिथेच भोकाड पसरलंस. आज सकाळी पांघरुणात पडल्यापडल्या तोच आवाज ऐकला. उठून खिडकीशी गेलो तर रस्ता रिकामा. आवाज साठ वर्षांपूर्वीचा होता, माझ्या कानात मुक्कामाला राहिलेला.

आता बातमी. बस बंद होणार आहे. निदान डेपोचा कागद तसं म्हणतो. मार्चअखेरपर्यंत मोजणी चालेल. दर फेरीला सरासरी बारा माणसं भरली नाहीत, तर एक एप्रिलपासून बस नाही. सध्या पाच भरतात, आणि त्यांतला दुकानदार अर्ध्या वाटेतच उतरतो.

गंमत अशी की त्याच आठवड्यात दुसऱ्या ऑफिसातून अंथरुणाएवढा एक कोरा कागद आला. दहा वर्षांनी तुमचं गाव कसं हवं ते यावर लिहा म्हणे. सगळे शाळेत जमलो. कुणाला दवाखान्याची खोली हवी, कुणाला वाचनालय, कुणाला मोठी टाकी. गोंधळ इतका, की मला सवयीने घंटा द्यावीशी वाटली. मग आमच्या मशीनबाई उठल्या. शाळेसमोर शिवणयंत्र घेऊन बसतात त्या. त्यांनी विचारलं, की नर्स काय उडत येणार आहे, आणि पुस्तकं काय चालत? आधी बस वाचवा, मग कागद रंगवा. कापडावर खुणा करायचा खडू त्यांच्या पदराला बांधलेलाच असतो. त्याने त्यांनी फळ्यावर वार लिहून टाकले. प्रत्येकाने आठवड्यातून दोनदा बसने शहरात जायचं. काम असो वा नसो. माझ्या वाट्याला मंगळवार आणि शुक्रवार.

आपलं ठरलेलं मी विसरलेलो नाही. बस बंद झाली तर एक एप्रिलला मी तुझ्याकडे राहायला येईन. गुडघे असे, दवाखाना लांब, घरात मी एकटा. तुझं म्हणणं मला पटतं. पण त्याआधी हे तीन महिने मला बसमध्ये बसू दे.

लोभ आहेच, वाढवायला जागाही आहे.
तुझा दादा

१२ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. यांतली विनंती आज कमी आहे, दटावणी जास्त.

काम नसताना बसमध्ये बसायचं, शहरात उतरायचं आणि संध्याकाळी परत यायचं? दादा, तुम्हा सगळ्यांना मिळून काय झालंय? मी पस्तीस वर्षं नर्स होते, वेगवेगळे रुग्ण पाहिले. पण अख्खं गाव एकदम असं कधी पाहिलं नव्हतं.

दिवसभर तू स्टँडच्या बाकावर बसणार, पंख्याखाली नव्हे तर उन्हात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तुझ्या अर्ध्या कविता ऐकवणार. मला डोळ्यांसमोर दिसतंय. शाळेचा शिपाई असून कवितेचा तास खिडकीबाहेर उभा राहून ऐकायचास, आणि ऐन रंगात यायची वेळ झाली की तुलाच घंटा द्यायला पळावं लागायचं. सगळ्या जगात निम्म्या-निम्म्या कविता पाठ असलेला माणूस माझाच भाऊ असावा ना! बाकावर बसू नकोस. शहराच्या वाचनालयात जा. तिथे पंखा असतो, पाणी असतं, आणि मुख्य म्हणजे जवळच संडास असतो. तुझ्या वयाला या तिन्ही गोष्टी कवितेपेक्षा गरजेच्या.

मी इथे तुझी खोली तयार करते आहे. पलंग खिडकीशी लावला. लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघ्यांची तक्रार चालणार नाही. खोटं कशाला बोलू, तुमची बस वाचावी असं मला मनापासून म्हणता येत नाही. वहिनी गेल्यापासून रात्री फोन वाजला की मी तो उचलायच्या आधी चप्पल शोधते. फोनवर तू निम्मं ऐकत नाहीस आणि निम्मं सांगत नाहीस, म्हणून तर हा पत्रांचा खटाटोप.

लोभ असावा, आणि गुडघ्यांना तेल असावं.
तुझी भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ., आणि या खेपेला टपली मागे घेतो.

तुझं ऐकलं. वाचनालयात गेलो. आणि भिंगरे, मागच्या कपाटात काय निघावं? जुनी शालेय पुस्तकं, पहिलीपासून दहावीपर्यंत, कोपरे कुरतडलेली. मी जमिनीवरच बसकण मारली. चाळीस वर्षं ज्या कवितांच्या मध्यावर मी घंटा दिली, त्यांचं पुढे काय झालं हे एकेक करून कळतंय. डोंगर चढायला निघालेला तो सैनिक वर पोचतो. ती रुसलेली राणी मात्र शेवटपर्यंत हसत नाही. मला वाटलं होतं हसेल. काही उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा फिके निघाले, ते मी मनातल्या मनात माफ केले. मी दर खेपेला वहीत दोन उतरवून आणतो. एक मुंगीची कविता तेवढी सापडत नाही. मुंगी कागदी होडीत बसून समुद्र ओलांडायला निघते, मध्येच वादळ होतं आणि तिथे माझी घंटा झालेली. त्या पुस्तकाची नेमकी तीच पानं गळून गेलीत.

इतरांचंही असंच काहीतरी होऊन बसलंय. मशीनबाई नुसत्याच फिरायला म्हणून गेल्या आणि एका शाळेचे गणवेश शिवायचं काम घेऊन आल्या. त्या आता दोघींना शिवण शिकवतात. दुकानदार दात बसवून घेतोय. कवळीला सात खेपा लागतात म्हणे, त्यामुळे तो आता शेवटपर्यंत बसतो. वरच्या आळीतल्या दोघी जावा अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. मशीनबाईंनी मुद्दाम त्यांना एकच वार आणि एकच बाक दिला. पहिले तीन आठवडे एकीने खिडकीबाहेर पाहिलं, दुसरीने छताकडे. चौथ्या आठवड्यात बस खड्ड्यात आदळली आणि दोघींनी एकदमच रस्त्याला शिव्या दिल्या. तेव्हापासून बोलणं सुरू आहे. आता त्यांना थांबवायचं कसं हा प्रश्न आहे.

तो अंथरुणाएवढा कागदही आम्ही बसमध्येच भरतो. पुढचे लोक मागे देतात, मागचे पुढे. दवाखान्याची खोली कुठे बांधायची, यावर शहर येईपर्यंत वाद झाला आणि परतताना मिटला. ड्रायव्हर एकटाच गाडी चालवतो आणि तिकिटंही तोच फाडतो. तो म्हणतो, की त्याला वाटतं आपण बस चालवत नाही, ग्रामसभा चालवतोय.

परवा सोळा माणसं होती. तुझ्या खिडकीजवळच्या पलंगाला सांग, घाई करू नकोस.

लोभ जसा आहे तसाच ताजा राहो.
तुझा दादा

५ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. आज यापुढे विनोद सुचत नाही.

माझ्या हातून मोठं पाप घडलं. परवाच्या मंगळवारी बसमध्ये माझ्या शेजारी एक अनोळखी गृहस्थ बसले होते. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर बॅग. मी आपला माझ्या नादात मुंगीची कविता पुटपुटत होतो. वादळापाशी येऊन थांबलो, नेहमीसारखा. तर त्या गृहस्थांनी खिडकीबाहेर बघता बघता पुढची ओळ म्हटली. मग त्याच्या पुढची. पार शेवटापर्यंत. अगं, मुंगी वाचते! वादळ थांबतं, ती पैलतीरावर उतरते, आणि वळून पाहते तर तो आपलाच काठ असतो. समुद्र म्हणजे अंगणातलं डबकं, आणि होडी नुसती गोल फिरलेली.

माझे डोळे भरून आले. इतका आनंद झाला, की मी त्या माणसाला सगळं सांगून टाकलं. अर्ध्या कविता, वाचनालय आणि, देवा, फळ्यावरचे वारसुद्धा. आज माझा वार म्हणून मी आलोय, खरं तर आमच्यापैकी निम्म्यांना शहरात काही काम नव्हतं, डेपोला दाखवायला आम्ही बस भरतो, हे मी हसत हसत सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मी शहरात कुठे जातो, कोण काय करतं, हेही त्यांनी विचारलं. मी तेही सांगितलं, कवळीसकट. शहर आलं तसं त्यांनी बॅगेतून रजिस्टर काढलं, माणसं मोजली, आकडा लिहिला आणि मला नमस्कार करून उतरले. डेपोचे तपासनीस होते.

संध्याकाळी शाळेत सगळ्यांना बोलावून कबुली दिली. ते फार जड गेलं. मग मशीनबाई म्हणाल्या, की आयुष्यभर घंटेचा दोर तुमच्या हातात होता, एक दोर जिभेलाही बांधून घ्यायचा होता. यावर दुकानदार हसला, तोंडात नवी कवळी असल्यामुळे जरा जास्तच. बाकीचेही हसले. पण मला माहीत आहे, त्यांनी मला सांभाळून घेतलं. बस गेली तर ती माझ्यामुळे जाईल. गाव सोडायचं दुःख मी सोसेन, पण असं करून सोडायचं?

तुझा दादा

११ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. यांत आज खरोखरच विनंती आहे.

तुझं पत्र वाचून मी आधी टाळी वाजवली. म्हटलं, झालं, दादा येणार. पडद्याचं कापडसुद्धा पाहून ठेवलं, निळं. मग दुसऱ्यांदा वाचलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. तुझ्या फेब्रुवारीतल्या पत्रातला माणूस आणि या पत्रातला माणूस एक नव्हेत. मला पहिला हवा आहे. या खोलीत दुसरा येऊन बसला तर मी त्याचं काय करू?

म्हणून ऐक. अर्धंच खरं त्या साहेबांना कळलंय, तर उरलेलं अर्धं तुम्ही कळवा. तुझ्या कवितांचंच गणित आहे हे, तुला सांगायला नको. सुरुवातीला काम नव्हतं हे कबूल करा आणि आता काय काम आहे ते प्रत्येकाने आपल्या हाताने लिहा. फुगवू नका, लपवू नका. आणि काय हवंय तेही धीटपणे मागा. वॉर्डात जो रुग्ण नुसता कण्हायचा त्याच्याकडे डॉक्टर शेवटी जायचे.

एवढं करूनही बस गेली, तर पडदे निळेच लावू.

लोभ आहे, राग नाही.
तुझी भिंगरी

३१ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ., आणि तुझ्या सल्ल्याला साष्टांग.

तू सांगितलंस तसं पत्र आम्ही सतरा तारखेला डेपोत नेऊन दिलं. प्रत्येकाची एक ओळ. मशीनबाईंनी गणवेशाचं लिहिलं. दुकानदाराने लिहिलं, की कवळी झाली, आता बायकोचे डोळे दाखवायचे आहेत. दोघी जावांनी मिळून एकच ओळ लिहिली: भांडण मिटलं, पण अकरा वर्षांचं बोलणं बाकी आहे आणि घरी वेळ मिळत नाही. मी लिहिलं, एकोणीस कविता अजून अर्ध्या आहेत. तिघांनी प्रामाणिकपणे लिहिलं, की काम काही नाही, सोबत आवडते. ते खोडावं का यावर चर्चा झाली. मशीनबाईंनी खोडू दिलं नाही.

शेवटी मागणी. बस सकाळी डेपोतून आठ वाजता रिकामी येते, तोवर शहरात कामाला जाणाऱ्यांची वेळ टळून जाते. बस रात्री इथेच ठेवली आणि सहाला सोडली तर आमच्या गावात राहून शहरात नोकरी करता येईल, मग माणसं मोजायला बोटं पुरणार नाहीत, असं मशीनबाईंनी घातलं. लिहिताना आम्हीच हसलो. इथे आहे ती जायची वेळ आलीय आणि आपण मुक्कामाची मागतोय!

उत्तर आलं नाही. आज मुदतीचा शेवटचा दिवस. मंगळवार असल्यामुळे सकाळी मी जाऊन आलो, एकोणीस माणसं होतो. ड्रायव्हरलाही काही माहीत नव्हतं. दुपारी मी बॅग भरली: चार कपडे, वही, तुझ्या वहिनीचा फोटो. उद्या दुकानदाराचा भाचा आपल्या गाडीने मला तुझ्याकडे सोडेल. संध्याकाळची बस आली आहे. सगळे तिला निरोप द्यायला शाळेपाशी जमलेत, मला धीर झाला नाही. घरात बसून तुला लिहितो आहे. हे पत्र बहुधा मीच माझ्या हाताने आणून देईन.

मला वाईट वाटतंय, पण फार नाही. तीन महिने आम्ही एकमेकांच्या शेजारी बसलो. त्या आधी आम्ही नुसते शेजारी होतो.

लोभ घेऊन येतो आहे, जागा करून ठेव.
तुझा दादा

ता. क. दार वाजलं म्हणून उठलो. मला वाटलं मशीनबाई असतील, रागावून न्यायला आलेल्या. दारात ड्रायव्हर उभा आहे, एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात डेपोचा कागद. गाडी त्याने वळवलीच नाही, शाळेसमोर लावून टाकली. दुपारी चारला त्याला हुकूम मिळाला: मुक्काम गावात, सकाळी सहाला इथूनच सुटायचं. ड्रायव्हरने झोपायचं कुठे, हे हुकुमात नाही. अर्जात लिहायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. मशीनबाईंनी त्याला सरळ इकडे धाडलं, कारण रिकामी खोली असलेलं घर हे एकच. भिंगरे, ती मागची, तुझी खोली. तुला न विचारता हो म्हणालो.

कोपऱ्यातली भरलेली बॅग पाहून तो उंबऱ्यातच अडखळलाय. चुकीच्या वेळी आलो का, काका कुठे निघालात का, असं विचारतोय. निघालो होतो, असं सांगून मी त्याच्या हातातली वळकटी घेतली आहे.