सरदार बोलायचा थांबला

विश्रामबाग, सांगली
ता. २ मार्च १९६४

सौ. अक्कास कृष्णातचा शि. सा. न. वि. वि.

संक्रांतीपासून हे पत्र लिहितोय. रोज कागद घ्यायचा आणि रोज कोणीतरी हाक मारायचं. आणि हाक आली की मी जातो, हे तुला ठाऊक आहे. खरं म्हणजे हाक आली नसती तरी गेलो असतो. दाजींनी लावून दिलेल्या हळदीच्या पेढीवर मी आता नाही, हे लिहायला हात धजत नव्हता. हळदीनं मला शिंका येतात. दाजींना शिंकांचं सांग, बाकीचं मी समक्ष सांगीन.

सध्या रेल्वे लाइनीपलीकडं गुंडाच्या खोपटात राहतो. गुंडा तित्तर धरून विकतो. त्याच्याकडं सरदार नावाचा एक पाळीव नर आहे. माळावरनं उचललेलं अंडं कोंबडीखाली उबवून झालेला, म्हणून गुंडाच्या मागं मागं कुत्र्यासारखा चालतो. आम्ही त्याचा पिंजरा माळावर ठेवतो, भोवती घोड्याच्या केसांचे फास मांडतो आणि बाभळीआड दडतो. सरदार ओरडला की त्या माळावरचा रानातला नर तावातावानं भांडायला येतो. आपल्या हद्दीत दुसरा कोण बोलतो, हे त्याला सोसत नाही. आला की पाय फासात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी लय हसलो. बांधावरनं भांडणारे आपले चुलते आठवले. चुलत्यांवरनं आठवलं, इथं तंबूत सिनेमा आलाय, पण ते राहू दे.

मग एक दिवस मादी आली. भांडायला नव्हे. फास चुकवून पिंजऱ्याला लागून बसली. दुसऱ्या दिवशी परत तेच. गुंडानं तिला चक्क हातानं उचललं. आता तिचा पिंजरा सरदाराच्या शेजारी आहे आणि सरदार बोलायचा थांबलाय. तो बोलला नाही तर नर येत नाहीत, आणि नर आले नाहीत तर गुंडाची चूल थंड. गुंडाचं म्हणणं सरळ आहे: "मादी जवळ हाय तवर त्यो कशाला बोंबलंल? ती गेली की बोलंल."

तो जतला भावाच्या लग्नाला गेलाय. जाताना दोन्ही पिंजरे माझ्या हवाली केले. हा आठवडा सोडून पुढच्या बाजाराला मादी एका खानावळवाल्याला द्यायची, असं सांगून गेलाय. अक्का, मला ते करवत नाही. पण सोडली तर ती परत सरदाराकडंच येणार आणि परत धरली जाणार. सरदारालाही सोडावं, तर तो कोंबडीच्या पंखाखाली वाढलेला, मुंगसाला भ्यायचं असतं हेही त्याला कोणी शिकवलेलं नाही. शिवाय गुंडानं मला भाकर घातलीय. त्याचा पोटाचा धंदा मी उधळायचा? आणि गंमत अशी, की इतके नर मी स्वतः फासातनं काढून टोपलीत टाकले, तेव्हा मला काही वाटलं नाही. हिचंच का वाटावं? आधी चुकत होतो, की आता चुकतोय? लवकर कळव.

माया आहे तेवढी राहू दे, थोडी वाढली तर माझी हरकत नाही.

तुझा
कृष्णात


मलकापूर (कराड)
ता. ७ मार्च १९६४

चि. कृष्णातास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शिंकांचं तुझ्या दाजींना सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या खेपेला मिरचीच्या पेढीवर लावू. हसत म्हणाले, पण त्यांनी पेढीवाल्याला शब्द दिला होता. तेव्हा त्यांना वेगळं पत्र टाक.

तुझं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, पाप धरणाऱ्याला, तू नुसता सांभाळणारा. मग जरा वेळानं म्हणाल्या, सांभाळणारा नसता तर धरणारा लग्नाला कसा गेला असता? आणि उठून गेल्या. जेवतानाही त्यांचं लक्ष नव्हतं.

माझं सांगते. आमच्या ओसरीवरच्या राघूला तू भिजलेली डाळ घालायचास. तुझं पत्र खाली ठेवलं आणि त्याच्या पिंजऱ्याचं दार उघडलं. तो बाहेर आला नाही. हात घातला तर माझं बोट फोडलं. चिंधी बांधून लिहितेय, अक्षर लागलं नाही तर राघूला विचार. दार पुन्हा लावलं, मांजरामुळं. आता उघडलं ते बरोबर की लावलं ते, मला तरी कोण सांगणार? आणि लगेच मला पिंजऱ्यातली मैना म्हणू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. मी रोज शेतावर जाते आणि परत येते, आमच्या दाराची कडी आतल्या बाजूला आहे.

पण एवढं मला कळतं, की मादी खानावळीत जाता कामा नये. लांब नेऊन सोड, सरदाराचा आवाज तिला पोचणार नाही इतकी लांब. यमाईला जाताना आपण औंधचा माळ बघितला होता, तिथं ने. आणि गुंडाशी खोटं बोलू नकोस. आला की तोंडावर सांग, मी सोडली म्हणून. त्यानं हाकललं तर इथं ये, भाकरी इथंही भाजतात.

वाटेत कुठं उतरू नकोस. जिवाला जप आणि मला फार वाट बघायला लावू नकोस, एवढंच मागणं.

तुझी अक्का
तानुबाई


औंध
ता. १३ मार्च १९६४

सौ. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. बाजाराच्या आधीच निघालो. फक्त विट्याला उतरलो, कारण तिथं कुस्त्यांचं मैदान होतं. एक निकाली कुस्ती बघू म्हटलं, तर ती सुटता सुटेना आणि औंधची गाडी गेली. ते जाऊ दे.

आता जे लिहितो ते दाजींना वाचून दाखवू नकोस. खोपटात सरदार एकटा कसा ठेवायचा? मुंगूस येतं. म्हणून त्यालाही बरोबर घेतला. दोन्ही पिंजऱ्यांवर फडकं टाकलं होतं. कंडक्टरनं विचारलं, यात काय आहे? मी म्हणालो, पाहुणे.

माळावर आलो आणि मादीचं दार उघडलं. ती जरा थांबली, मग पळत झुडपात गेली. असं हलकं वाटलं मला, की काय सांगू. तेवढ्यात फडक्याखालनं सरदार ओरडला. इतके दिवस मुका, आणि आज गुंडा म्हणाला होता अगदी तसाच बोलला. ती झुडपातनं बाहेर आली आणि त्याच्या पिंजऱ्याला लागून बसली. अक्का, सरदाराच्या आवाजापासून लांब ने, असं तू लिहिलंस, आणि मी आवाजच काखोटीला मारून आणला.

तिला हाकललं. खडे मारले, लागणार नाहीत असे. ती जाते, तो ओरडतो, ती येते. शेवटी सरदाराचंही दार उघडलं. तो बाहेर येईना, तीच आत गेली. आता दोघं एका पिंजऱ्यात आहेत, दार सताड उघडं आहे, आणि मी शेजारी बसून हे लिहितोय. कोणी कोणाला धरलं म्हणायचं? गुंडानं सरदाराला, सरदारानं हिला, की दोघांनी मिळून मला? परत नेलं तर खानावळवाला आहे. इथं ठेवून गेलो तर कोल्हा आहे. आणि इथंच बसून राहिलो तर मी काय राखणदार झालो, की अजून चोरच आहे?

काही सुचत नाही. ऊन उतरेपर्यंत बसतो. दाजींना नमस्कार, सासूबाईंच्या पाया पडतो. कसाही असलो तरी पाठचा भाऊ आहे, तेवढं धरून असावं.

तुझा
कृष्णात

ता. क. पत्राची घडी घालत होतो आणि एक जण आलाय. रानातला नर, सरदारापेक्षा थोराड, मान ताणून, पिसं फुलवून. सरदाराची हाक त्यानं ऐकली असणार. माझ्या डोक्यातच हे आलं नव्हतं. आज फास मांडलेले नाहीत, हे त्याला माहीत नाही आणि सरदारालाही नाही. सरदारानं जन्मात कधी गजाबाहेर भांडण केलेलं नाही. दार लावून घ्यावं म्हणून मी डावा हात पुढं केला, तर सरदारानं एक पाय बाहेर टाकला. हात दारापाशीच आहे, उजव्यानं लिहितोय. आता त्याचा दुसराही पाय बाहेर आला.