सभासद क्रमांक २१४ चा अभिप्राय

१५ नोव्हें., शनि.
अभिप्रायांचा वार. नियम माझाच. पुस्तक परत करताना वहीत चार ओळी लिहायच्या, त्याशिवाय दुसरं मिळणार नाही. नाव नको, सभासद क्रमांक पुरे. त्यातला बरा अभिप्राय दर शनिवारी मी वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर लिहिते. अर्धं रनाळे गाव डेअरीत दूध घालायला याच रस्त्यानं जातं. येता-जाता वाचतात.

सध्या एकाच पुस्तकाचा धुमाकूळ. म्हणजे चार भाग. रक्त पिणारा देखणा पोरगा आणि त्याच्यावर जीव टाकणारी शाळेतली पोरगी. मी त्याला दातवाला म्हणते. अध्यक्ष आबांनी यादी न वाचता सही ठोकली आणि खोक्यातून हे निघालं. धूळ खात पडेल म्हटलं होतं. आज सतरा जणी रांगेत. आमची चांगली पुस्तकं कपाटात माशा मारतायत.

आजची वही:
"वय शंभरच्या वर आणि अजून अकरावीत. म्हणजे नापासच की."
"उन्हात येत नाही म्हणून गोरा. आम्ही कापूस वेचतो."
गुरुजींच्या बायकोचा: "नवरा असाच हवा. स्वयंपाक नको, डबा नको."
हा शेवटचा फळ्यावर लिहिला. गुरुजी रागावले तर रागावोत.

२२ नोव्हें., शनि.
आज वहीत एक अभिप्राय सापडला. वीस वर्षांत असा आला नाही. जसाच्या तसा उतरवते.

"या पुस्तकात ज्याला रक्त लागतं तो देखणा आहे आणि सगळ्या त्याच्यावर मरतात. मला दीड-दोन महिन्यांनी रक्त लागतं. माझे डोळे पिवळे होतात. हातपाय इतके दुखतात की पांघरूणसुद्धा सहन होत नाही. लेखिकेला हे माहीत नसावं. एकच गोष्ट खरी वाटली. तो तिला आधी सांगतो की मी असा आहे. मग तिनं काय ते ठरवायचं. भाग दुसरा द्यावा. स. क्र. २१४."

२१४ म्हणजे जागृती. विमलची. विमल न् मी सातवीपर्यंत एका बाकावर. पोरगी वीस वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, अंगानं पहिल्यापासून काडी. दिवाळीत साखरपुडा झाला, मुलगा तापीकाठचा, केळीवाले. नाव रोशन. पण लिहिते काय! स्वतःलाच पात्र करून टाकलं. सगळा फळा भरला, तळाशी क्रमांक घातला. अक्षर मुद्दाम मोठं काढलं. आज फार खूश.

२४ नोव्हें., सोम.
फळ्यापुढे गर्दी. कुणीतरी मोबाइलवर फोटोही काढला. गुरुजींची बायको म्हणाली, "कोनी लिखं हो हाई?" मी सभासदांचं रजिस्टर काढलं, २१४ वर बोट ठेवून दाखवलं. म्हटलं, आपली जागृती. पुढे लेखिका होईल बघा.
शेजारी आणखी तिघी होत्या. मला वाटलं, कौतुकानं गप्प झाल्या.

२६ नोव्हें., बुध.
विमल आली. चप्पल न काढता आत.
"शैला, मन्ही पोरनं लगीन मोडानं शे का तुले?"
मला कळेचना. मग खुर्चीत बसली आणि रडायला लागली. खरं आहे ते. सगळंच्या सगळं. जागृतीला सिकलसेल आहे, रक्तातला जन्माचा रोग, चौथीत असताना कळला. सुरतेला मावशीकडे जाते, जाते म्हणून आम्ही ऐकायचो ते रक्त चढवायला आणि गोळ्या आणायला.
मी म्हटलं, "आठे नंदुरबारले मिळस ना इलाज. सुरत कसाले?"
"कोन्ही देखाले नको म्हनीसन." मग आवाज खाली आणून, "हाऊ रोग आपलामा नही ऱ्हास. डोंगरवरना लोकस्ले ऱ्हास. लोके काय म्हनतीन?"
रोग जात विचारून येतो का? पण हे मी तिला म्हणाले नाही. माझंच तोंड कुठे उरलं होतं.

ती गेल्यावर फळा पुसला. चार दिवसांनी. "पांघरूणसुद्धा सहन होत नाही" हे वाक्य मी दोनदा गिरवलं होतं, खडू पुसट होता म्हणून. वाचलं, वाक्य आवडलं. पोरीला दुखतंय हे डोक्यात आलंच नाही. लाज वाटते मला माझी.

२९ नोव्हें., शनि.
आज फळा कोरा ठेवला. आबा म्हणाले, "काय हो बाई, दुकान बंद?"
उपकेंद्रातल्या सिस्टरना गाठलं, कुणाचं नाव न घेता. त्या हसल्या. "नाव कशाला लपवता, गावानं फोटो पाहिलाय." मग नीट सांगितलं. औषधं आणि तपासणी चालू ठेवली तर अशी माणसं संसार करतात. थंडी, अंगमेहनत, पाणी कमी पिणं, हे वाईट. आणि मुलाचंही रक्त तपासायलाच हवं. त्याच्यातही थोडा दोष निघाला तर लेकरांना होऊ शकतो. "लग्न करू नका असं आम्ही म्हणत नाही. माहीत असून करा म्हणतो."

४ डिसें., गुरु.
ऐकलं ते खोटं असेल असं वाटत होतं. सकाळी स्वतः पाहून आले.
मुलाकडून निरोप आलाय म्हणे: कानावर काहीबाही आलंय, आत्याबाई येऊन पाहतील. तर इकडे पोरगी धडधाकट आहे हे दाखवायचं चाललंय. सुरतची फेरी रद्द. गोळ्यांची पाकिटं घरातून हलवली. आणि ज्या पोरीनं जन्मात शेत पाहिलं नाही तिला सकाळी सातला, या कडाक्यात, कापूस वेचायला धाडतात. तेही मागच्या वाटेनं नाही, भर बाजारातून. गावानं बघावं म्हणून.
स्वेटर नव्हता अंगात. स्वेटर घातला तर आजारी दिसते ना.
विमलला रस्त्यातच अडवलं. म्हटलं, मरेल ती.
"तून्ही लिखं, आते माले निस्तरू दे."
मी बाजूला झाले.

६ डिसें., शनि.
आत्याबाई येऊन गेल्या. जागृतीनं सगळ्यांसमोर पाण्यानं भरलेले दोन हंडे उचलले, चार खण चालली, चुलीपुढे बसून भाकरी थापल्या. आत्याबाई खूश. "पोर ते खडखडीत शे." फेब्रुवारीची तारीख पक्की.
पेढे आमच्याकडेही आले. माझ्यानं खाववला नाही. ताटलीत तसाच आहे.

१० डिसें., बुध.
भर दुपारी जागृती वाचनालयात. दुसरा भाग परत करायला. बाकावर बसली ती हळूच, म्हातारीसारखी, दोन्ही हात टेकवून. डोळे पिवळे. इतकी वर्षं समोर होते ते डोळे. मी काय पाहत होते?
मी माफी मागितली. हात जोडले खरोखर.
ती म्हणाली, "काकू, तुम्ही फळ्यावर लिखशात हाई माले माहीत व्हतं."
मी जोडलेले हात खाली घेतले.
"रोशनले कोन सांगी? आई सांगनार नही, बाबा बी नही. फोनवर बोलनं ते आई जोडे बठेल ऱ्हास. म्हटलं, गावले समजी जाई, मंग त्याले बी समजी."
"मंग माले सांगीसन लिखती ना, बेटा."
"तुम्हले सांगं असतं ते तुम्ही लिखं असतं का?"
नसतं लिहिलं. खरं तेच.
विचारलं, तुला लग्न नको आहे का. तर पहिल्यांदा हसली. हवंय म्हणाली. रोशन आवडलाय. साखरपुड्यात सगळे जेवायला बसले तेव्हा हिला थंडी वाजत होती, त्यानं न बोलता पंखा बंद केला. तेवढंच. पण त्याला न सांगता जायचं नाही. "उद्या पोरं व्हतीन, काकू."
मी सांगू का म्हटलं. नको म्हणाली. स्वतः सांगायचंय. फक्त पाच मिनिटं कुणी देत नाही.
वहीत आज काही लिहिलं नाही. मी नियम मोडून तिसरा भाग दिला.

१४ डिसें., रवि.
सकाळी शेतातच पडली. कापसाच्या ओळीत. बायांनी उचलून आणली तेव्हा दोन्ही पाय पोटाशी, किंचाळत होती. विमलचं आधी म्हणणं सुरतेला न्यायचं. इतक्या दूर! मी जीपच्या दारात आडवी उभी राहिले. आयुष्यात इतकं ओरडले नाही. "नंदुरबार! नंदुरबारले घे!" ड्रायव्हरनं माझं ऐकलं.
सरकारी दवाखान्यात दाखल. सलाईन, ऑक्सिजन. छातीत उतरलंय म्हणाले डॉक्टर. गोळ्या कधीपासून बंद, विचारलं. विमल भिंतीकडे बघत होती. मी सांगितलं.
वडील बाहेर उभे. एकच वाक्य बोलले: "पाव्हणास्ले ताप शे असं कळाडेल शे." म्हणजे मुलाकडे साधा ताप म्हणून कळवलंय.

१५ डिसें., सोम.
दोन बाटल्या रक्त चढलं. मीही द्यायला गेले होते. हिमोग्लोबिन कमी, नाही घेतलं. साधं रक्तही देता आलं नाही मला तिच्यासाठी. तिथे रडले.
गुरुजींच्या बायकोनं दिलं. कुणाला सांगू नका म्हणाली.

१६ डिसें., मंगळ.
हे दवाखान्यातूनच लिहितेय, वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून.
जागृती शुद्धीवर आहे, बोलते थोडं. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस काही सांगत नाही.
पावणेपाचच्या सुमाराला रोशन आला. एकटाच, मोटरसायकलवर, हातात केळ्यांची पिशवी. विमल पुढे झाली, "साधा ताप शे, जवाईबापू, ती झोपेल शे." तो मान हलवून बाजूला झाला आणि माझ्या बाकाशी आला. मला ओळखत नव्हता. वाचनालयवाल्या तुम्हीच का, विचारलं. मोबाइल काढून दाखवला. माझंच अक्षर.
"काकू, हाई खरं शे का?"
जिभेवर आलं होतं. सगळंच सांगून टाकावं, सिस्टरनी काय सांगितलं, तपासणी कुठे होते. गिळलं. पोरगी नको म्हणाली होती.
म्हटलं, "तिले ईचार. ती जागी शे."
विमल दारात आडवी. मी उठले, तिचा हात धरला. शाळेत धरायची तसा नाही, जोरात, मनगट दुखेल असा. "पाच मिनिटं, विमल. फक्त पाच मिनिटं दे तिले." तिनं सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, मग नाही केला. माझ्या शेजारी येऊन बसली.
तो आत गेला.
पाच मिनिटं कधीच झाली. पाऊण तास होत आला. केळ्यांची पिशवी इथेच बाकावर राहिलीय. आतून काही ऐकू येत नाही. विमल मला विचारते, जाऊन बघू का. मी नको म्हणते.
साडेपाचची रनाळ्याची गाडी गेली. तो अजून आत आहे.