खांद्यात सोडलेलं कापड

दादा,

"कोट आहे म्हणजे शिंपी असणारच," शिवता शिवता बाबा देवाबद्दल म्हणायचे. "एवढा कसबी शिंपी, तर आईचं आयुष्य आखूड का बेतलं?" असं विचारून तू घर सोडलंस. दोघंही हट्टी! मला मात्र दोघांचंही पटायचं.

बाबा गेल्या महिन्यात गेले. आज दुपारी त्यांचं कपाट उघडलं. उन्हात खडूची धूळ तरंगत होती, खोली पाण्याखाली असल्यासारखी. आत एक कोट होता, कॉलरच्या आत खडूने तुझं नाव. बारा वर्षं तुझं तोंड न बघता शिवलेला. खांद्यात जास्तीचं कापड सोडलंय, तू अंगाने भरला असशील म्हणून.

तुझा पत्ता नाही, म्हणून हे पत्र त्याच्याच खिशात ठेवतेय. देवाचं माझं अजून ठरत नाही. पण तू आहेस असं धरून, कोटाची राहिलेली बटणं लावतेय.

तुझं,
शेंडेफळ